वरची खोली गार का राहते

मदिनत खलीफा, दोहा
८ जानेवारी २०२५

चि. गार्गी,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. लागतील तेवढे घे, उरले तर परत पाठव, इथे साठा कमी आहे.

सर्वप्रथम एक अत्यंत गंभीर तक्रार. तुझं पार्सल काल पोहोचलं. मी यथाविधि हातपाय धुऊन, कात्री घेऊन, सश्रद्ध अंतःकरणाने ते उघडलं. नाशिकहून आलेल्या खोक्यात मेतकूट असतं, कुळथाचं पीठ असतं, अगदीच नाही तर चिवडा असतो, हे माझं अनुमान अनेक वर्षांच्या अनुभवावर उभं होतं. निघालं काय? एक तपकिरी माकडटोपी आणि लोकरीचे पायमोजे. चिठ्ठी नाही, मेतकूट नाही. ज्या देशात उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं, त्या देशात राहणाऱ्या सख्ख्या भावाला तू माकडटोपी पाठवतेस!

तरी भगिनीप्रेम म्हणून मी ती घालून पाहिली. मालविका म्हणाली, "अहो, काढा ती. बँक लुटायला निघालात असं वाटतंय." तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "माझी आहे ती. इकडे आण." आई कठड्याला धरून, हात पुढे करून उभी होती.

तेव्हा तक्रार मागे घेतो आणि दुसरी नोंदवतो. तुमचं दोघींचं बोलणं सुरू झालं, आणि मला कुणी कळवलं नाही? तुझ्या सुहासरावांच्या तेराव्याला भरल्या घरात आई म्हणाली, "पत्रिका बघूनच मी सांगितलं होतं, हा माणूस फार चालायचा नाही." त्यानंतर तू तिला विमानात बसवलंस आणि मला फोनवर एवढंच म्हणालीस, "दादा, आता तुझी पाळी." तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही, तू तिचं. आणि आता एकदम टोपी. फोनवर ती काय बोलली ते मला कळव.

पत्र पाहून तू चकित होशील. कारण असं की ऑफिसचा मेल कंपनी वाचते, माझा मोबाईल घरात सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि खाली बोललेलं सगळं वरपर्यंत ऐकू जातं. आमच्या ऑफिसातला रियाज उद्या दापोलीला घरी चालला आहे, तो हे मुंबईत पेटीत टाकेल. पाकीट हातात घेऊन तो म्हणाला, "सर, पत्र? पोस्ट चालू हाय अजून?" मी म्हटलं, इन्शाल्ला.

आता खोलीचं सांगतो. आईची खोली वर आहे. खालची तिला दिली असती, पण तिथे मालविकाचा ऑनलाईन योगवर्ग चालतो, आणि आईला तिथून लोकांचे श्वास ऐकू येतात. आईला वरची खोली गार लागते. दोन रजया, एक शाल, आता तुझी टोपी, तरी गार. इथली थंडी नाशिकपुढे काहीच नाही हे खरं, पण फरशी दगडी आणि उत्तरेचा शमाल वारा सुटला की खिडक्या रात्रभर शीळ घालतात. घराला सेंट्रल एसी आहे, थंडीत तोच गरम हवा सोडतो. हॉलच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. तिच्यावर हवा तो आकडा लावायचा, आम्ही चोवीस लावतो. घर तेवढं ऊबदार झालं की पेटी यंत्र बंद करते, गार झालं की चालू. खाली दुपारभर काचांतून ऊन येतं, शेजारी स्वयंपाकघर आहे, तिथे मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरतो. वर आई कुडकुडते.

यावर पूर्वपक्ष असा: उष्ण हवा वर जाते. म्हणजे वरची खोली अधिक ऊबदार असली पाहिजे. ती तशी नाही. म्हणजे एकतर भौतिकशास्त्र खोटं, नाहीतर आई. घरातलं बहुमत आईच्या विरुद्ध आहे. मालविका म्हणते, "वय झालं की वाजतेच थंडी." मीही तेच म्हणत होतो, पण परवा रजई सारखी करताना हाताला गादी गार लागली. माणूस खोटं बोलेल, गादी कशाला बोलेल?

मालकाच्या एजन्सीची माणसं आली, जाळ्या धुतल्या, "ऑल ओके, सर" म्हणून गेली. मग मी स्वतः खुर्चीवर चढून वरच्या झरोक्यापाशी हात धरला. गरम हवा येत होती. जरा वेळ आली आणि थांबली. यंत्राच्या मते ऊब पुरेशी झाली होती. कुणाला पुरेशी, ते अजून कळलेलं नाही. सेन्सर दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ऊब सापडू नये, हा विनोद तुला आवडेल म्हणून लिहिला.

बाकी देवघराची बातमी. मालविकाने हॉलमध्ये भिंतीतल्या कोनाड्यात देव मांडले होते आणि पुढे बॅटरीवरचा दिवा. दिवाळीत आईने तो पाहिला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका फराळाला आल्या होत्या. आई म्हणाली, "गॅस कंपनीच्या पगारावर जगता, आणि देवाला बॅटरी?" मग तिने तिची पितळी समई काढली आणि गुढीपाडव्यापर्यंत अखंड दिवा बोलली. तुपाचा नाही, तेलाचा, कारण तूप सुनेच्या हाती द्यायला तिचं मन धजावेना. त्या वेळी ती आणखी एक वाक्य बोलली, ते इथे लिहीत नाही. पण मालविकाने दिवा उत्तम सांभाळला आहे. एकदाही विझू दिलेला नाही. दोघींचं यापुढे जमेल अशी चिन्हं आहेत.

आई मजेत आहे. किरकोळ खोकला.

मेतकूटवंचित,
शौनक


मदिनत खलीफा, दोहा
३० जानेवारी २०२५

गार्गी,

आशीर्वाद गृहीत धर. तुझा मेसेज वाचला आणि पुसून टाकला. "'लोकरीची टोपी पाठव, शौनकला सांगू नकोस,' एवढं बोलून तिने फोन ठेवला." तुझं हे वाक्य खिशात घालून मी गेले काही दिवस हिंडतो आहे. रियाजची बायको नफिसा माहेरी चालली आहे, तिच्याबरोबर हे देतो.

वरची खोली गार का राहते, ते मला कळलं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मालविकाचं हळदीकुंकू होतं. हॉल जरीच्या साड्यांनी भरला. माझ्याकडे नेहमीचं खातं, म्हणजे मसाला दुधाचा ट्रे धरून भिंतीला टेकून उभं राहायचं. आई वर होती. मी तिला बोलवायला गेलो होतो, म्हटलं आता कोण पाळतं हे, चल खाली. ती म्हणाली, "माझं कुंकू गेलं तेव्हा तू अकरावीत होतास. आता बोलावतोस?" मालविकाने जिन्याच्या खालूनच विचारलं, "आई, वाण वर पाठवू का?" वरून उत्तर आलं, "वाण मला लागत नाही. दिव्यात तेल बघ." मालविका म्हणाली, "बघितलं."

बबीता म्हणून एक बाई आहेत, मंडळाच्या सेक्रेटरी. त्या समईपुढे हात जोडून म्हणाल्या, "मालविका, सासूचा नेम असा पाळणारी सून मी अख्ख्या दोह्यात पाहिली नाही गं." मालविका म्हणाली, "त्यांनीच करून घेतलंय." तेवढ्यात वरून आईचा खोकला ऐकू आला, लांबलेला, मध्येच तुटणारा. सगळ्या जणींनी वर पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "डबे छान आहेत हं, स्टीलचे?" आणि सगळ्या पुन्हा वाणाकडे वळल्या.

मी ट्रे घेऊन कोनाड्याच्या बाजूला उभा होतो. समईच्या ज्योतीवरून भिंतीवर काजळीचा पट्टा चढला होता. त्या पट्ट्याच्या वाटेत, समईच्या वर हातभर अंतरावर, ती पांढरी पेटी. भिंत दोन्ही बाजूंनी काळी आणि पेटी स्वच्छ, पुसलेली. मी बोट लावलं. कोमट होती. तिला जाणवणाऱ्या उबेचा आकडा पाहिला, सत्तावीस. हॉलमध्ये दार उघडं होतं आणि बायका पदर खांद्यावर ओढून घेत होत्या.

समजलं ना? पेटीला घर कळत नाही, तिला फक्त स्वतःभोवतीची हवा कळते. खाली अखंड दिवा. तिच्या हिशेबाने या घरात रात्रंदिवस वैशाख आहे. ती यंत्र जरा वेळ चालू देते आणि बंद करते. हॉलला ऊन आणि स्वयंपाकघर आहे, त्याचं निभतं. वरच्या खोलीला काहीच नाही. आईने देवापुढे लावलेला दिवा आईची खोली गार ठेवत होता. मला इतका आनंद झाला की मी ट्रेमधलं एक दूध स्वतःच पिऊन टाकलं.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात हा सिद्धान्त दृष्टान्तासह मांडला. मालविका डबे आवरत होती. पाठ न वळवता म्हणाली, "हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे माहितीये. डिसेंबरपासून. काजळी धरते म्हणून रोज पेटी पुसते मी. पुसताना आकडा दिसतो. बाहेर शमाल आणि पेटीवर सत्तावीस. बी.एस्सी. फिजिक्स आहे मी, अहो. लग्नाच्या आधी तुमच्या घरी चार वेळा विचारून खात्री केली होती तुम्ही लोकांनी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? आईंना? अखंड म्हणाल्या त्या. मी अखंड ठेवला."

आता ते वाक्य लिहितो, जे मागच्या पत्रात गिळलं. दिवाळीत, मंडळाच्या बायकांसमोर, समई मालविकाच्या हातात देताना आई म्हणाली होती, "दोन पोरं टिकवता आली नाहीत हिला, दिवा काय टिकवणार. पण बघू." तेव्हा मी चकलीच्या खुसखुशीतपणावर बोलत होतो. आवाज वाढवून बोलत होतो.

मालविका वळली. डोळे कोरडे होते, चेहरा अगदी साधा. "टिकवला की नाही?" म्हणाली. "विचारा त्यांना जाऊन. टिकवला की नाही."

मी म्हटलं, दिवा दुसरीकडे हलवू. ती म्हणाली, "हलवा ना. तुम्ही हलवा. आणि का हलवला ते वर जाऊन सांगा."

मी वर गेलो. आई टोपी घालून पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. मोजे उशीवर काढून ठेवलेले. मी खाली बसून तिचे पाय हातात घेतले. फरशी आणि पाय यांतला फरक हाताला कळला नाही, गार्गी. मग मी तिला पेटीचं सांगितलं. मालविकाचं सोडून सगळं सांगितलं.

"म्हणजे तिला ठाऊक होतं."

"छे गं. योगायोग."

"खोटं बोललास की नाक खाजवतोस. पहिलीपासून."

"दिवा जरा बाजूला घेतो, आई. देवाला काय फरक पडतो?"

"देवाला नाही पडत. तिला पडतो. हलला की म्हणेल, म्हातारी हरली." मग बराच वेळ खोकून झाल्यावर म्हणाली, "आणि मला थंडी वाजतच नाहीये."

मी विजेचा हीटर आणून दिला. "वास येतो," म्हणून तिने तो खोलीच्या दाराबाहेर ठेवला. मी म्हटलं, नाशिकला जातेस का? गार्गीकडे? ती म्हणाली, "विमानतळावर माझी पिशवी माझ्या हातात देऊन निघाली ती. वळून बघितलं नाही." मग टोपीच्या कडा कानावर खाली ओढल्या. "टोपी मात्र चांगली पाठवली. मोजे थोडे सैल आहेत, पण तिला माझं माप कुठून आठवणार."

यावर शास्त्रीय उपाय होता. दिवा आहे तिथे राहू दे, पेटीवरचा आकडा चोविसाचा तीस कर. पेटी फसवते आहे, तर आपण तिला फसवू. मी केला. संध्याकाळी वरची खोली मस्त ऊबदार झाली. त्या आनंदात मी जेवताना दोघींना शिलाजित विकणाऱ्यासारखं भाषण दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर खोली बर्फ. पेटीवर लावलेला आकडा अठरा. मी पुन्हा तीस केला. पुन्हा अठरा. मालविका म्हणाली, "मी हात लावलेला नाही." मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिला असं काही बोललो की ते तुलाही लिहिणार नाही. ती वाती वळत राहिली.

गेल्या सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो आणि ओळखपत्र विसरलं म्हणून गल्लीच्या तोंडावरून परत आलो. दार उघडंच होतं. आई समईपुढे उभी होती. टोपी घातलेली, पाय अनवाणी. एक हात भिंतीला. जिना उतरून आल्याने तिला श्वास पुरत नव्हता. तिने देवाला नमस्कार केला. मग टाचा उंचावून हात वर नेला आणि पेटीवरचं बटण दाबलं. दाबत राहिली. प्रत्येक दाबाला पेटी टिक करते.

मालविका स्वयंपाकघराच्या दारात तेलाचं भांडं घेऊन उभी होती. ती पाहत होती. थांबवत नव्हती. आपली पाळी यायची वाट पाहत होती. आईचं झाल्यावर ती पुढे आली आणि समईत तेल घातलं.

"पुरे, आई?"

"अजून थोडं. वात पुढे कर जरा."

"अशी?"

"हां. आता चांगली झाली."

इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलताना मी ऐकलं नव्हतं. एकीने तेल घालायचं, दुसरीने आकडा उतरवायचा. सासूसुनेचं अखेर एका गोष्टीवर एकमत झालं आहे. मी ओळखपत्र न घेताच बाहेर पडलो आणि ऑफिसच्या दारावर सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालत बसलो.

तू म्हणशील, दादा, पेटी उपट आणि वरच्या खोलीत लाव. माझाच धंदा आहे तो, अर्ध्या तासाचं काम. परवा लावली. काल संध्याकाळी वर गेलो तर आईने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली होती. शमाल आत येत होता. मी खिडक्या लावल्या. ती म्हणाली, "तुझी बायको फार चांगली आहे, शौनक. बोललेलं मोडत नाही. मीही मोडत नाही." मी खाली आल्यावर वर खिडकी उघडल्याचा आवाज ऐकला. मालविकाने पण ऐकला. तिने योगवर्गाचा लॅपटॉप उघडला आणि लोकांना म्हणाली, "दीर्घ श्वास घ्या."

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, आई मजेत आहे, किरकोळ खोकला. खरं नव्हतं ते. डॉक्टरीण बाई घरी येऊन गेल्या, छातीत कफ दाटलाय म्हणाल्या, ऊब सांभाळा, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. आईने त्यांना विचारलं, "आणि नाही सांभाळली तर किती दिवस?" त्यांना मराठी येत नाही. माझ्याकडे पाहून त्या हसल्या. मी भाषांतर केलं नाही.

गार्गे, आईने ठरवलं आहे. तिला मालविकाच्या दिव्याखाली मरायचं आहे, म्हणजे पुढे जन्मभर मालविकाला तो दिवा दिसेल. आणि मालविका तिला मरू देईल. ती वाईट बाई नाही, पण देईल. माझं दोघींपैकी कुणी ऐकत नाही. खरं म्हणजे मी दोघींशी बोलतच नाही, मी विनोद करतो.

या सगळ्यात आईने ऊब मागितली ती एकदाच, आणि ती तुझ्याकडे. त्यासाठी तिने तुझा नंबर लावला, मला न सांगता. म्हणून तुला सांगतो. ये आणि तिला घेऊन जा. तिने केलं ते विसरू नकोस, बोलूही नकोस तिच्याशी हवं तर. फक्त घेऊन जा. तिकीट, व्हिसा मी बघतो.

मला फार भीती वाटते आहे.

तुझा
दादा